विद्यापीठातलं पहिलं सत्र: प्रवेशाच्या पत्रापासून पहिल्या निकालापर्यंत

शाळेत एक दिवस गैरहजर राहिलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच, ‘काल कुठे होतास?’ विद्यापीठात तीन आठवडे वर्गाकडे फिरकला नाहीत, तरी बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. हजेरी घेतली जात असली तरी तिचा हिशेब समोर येतो तो सत्र संपत आल्यावर. तोवर दुरुस्तीला फारसा वाव उरलेला नसतो.

गेली बरीच वर्षं मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची मार्गदर्शक म्हणून काम करते आहे. रडकुंडीला येऊन माझ्यापाशी पोचलेली मुलं-मुली हुशारीत कमी होती, असं मला क्वचितच दिसलं. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटांत सुटला असता असा प्रश्न घेऊन ती बाराव्या आठवड्यात आलेली असत. म्हणून या लेखात काय करायचं हे तर आहेच, पण कधी आणि कुणाला विचारायचं यावर माझा जास्त भर आहे.

निघण्याआधी

आधी कागदपत्रं हातावेगळी करा. प्रवेशाचं पत्र, गुणपत्रिका, जन्मदाखला, ओळखपत्र, शुल्काची पावती, शिष्यवृत्ती असेल तर मंजुरीपत्र, परदेशी जाणार असाल तर पासपोर्ट आणि व्हिसा. मूळ प्रती एका फाईलमध्ये, झेरॉक्स दुसऱ्या फाईलमध्ये, आणि स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी: एक प्रत फोनवर किंवा लॅपटॉपवर, दुसरी ऑनलाइन. फोनने फाईलला दिलेलं आकड्यांचं लांबलचक नाव तसंच ठेवू नका. खिडकीपाशी उभं राहून कागद शोधायची वेळ येते तेव्हा ‘शुल्क पावती पहिलं सत्र’ असं नाव फार उपयोगी पडतं.

सगळी कागदपत्रं शेजारी शेजारी मांडून तुमचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. एका कागदावर मधलं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं सर्रास आढळतं. नोंदणी, शिष्यवृत्ती आणि बँक खातं ही तिन्ही कामं इथेच अडकतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून तफावत दिसताच प्रवेश विभागाला लेखी विचारा की कोणता कागद प्रमाण मानला जाईल.

नंतर विद्यापीठाची शैक्षणिक दिनदर्शिका उघडा आणि त्यातल्या चार तारखा लिहून घ्या: शुल्क भरण्याची शेवटची तारीख, विषय बदलण्याची शेवटची तारीख, विषय सोडण्याची शेवटची तारीख, आणि परीक्षांचा कालावधी. विषय बदलण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सत्र सुरू झाल्यावर लवकरच संपते. ‘थोडं बघू, मग ठरवू’ म्हणणाऱ्यांची ती हमखास हुकते.

विद्यापीठाचा ईमेल पत्ता मिळाल्याबरोबर तो चालू करा, फोनवर जोडा आणि दुहेरी पडताळणी लावून टाका. वर्ग रद्द झाल्याचा निरोप, परीक्षेची बैठक व्यवस्था, शिष्यवृत्तीची मुदत, सगळं याच पत्त्यावर येतं. ‘मी तो मेल पाहिलाच नाही’ हे कारण कुठलंही कार्यालय ऐकून घेत नाही.

नियमित औषधं घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव हवं. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात, कधी कधी मूळ नावही बदलतं. ज्याला बऱ्याच देशांत पॅरासिटामॉल म्हणतात, तेच अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मिळतं. लसीकरणाची नोंदही बरोबर ठेवा, काही वसतिगृहं ती मागतात. वाचनात किंवा लेखनात अडचण असेल, दृष्टीचा वा ऐकण्याचा प्रश्न असेल, परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक लागणार असेल, तर अर्ज सत्र सुरू होण्याआधीच करा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो मंजूर होणं जवळपास अशक्य असतं. हा अर्ज करताना संकोच करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना माझं सांगणं असं की ही सोय तुमच्यासाठीच केलेली आहे. ती घ्या.

सामान कमी न्या. पहिल्या दोन आठवड्यांपुरतं नेलं तरी भागतं, बाकीचं तिथे राहायला लागल्यावर कळतं. त्यापेक्षा घरी असतानाच कपडे धुणं, दोन-तीन साधे पदार्थ रांधणं आणि बँकेचा व्यवहार स्वतः करणं, एवढ्याचा सराव करून ठेवा.

पहिला आठवडा

खोली ताब्यात घेतलीत की सामान उघडण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची ओल, कपाटाचं मोडलेलं बिजागर, खिडकीची तडा गेलेली काच. तारखेसह ते वसतिगृहाच्या कार्यालयाला ईमेलने पाठवा. खोली सोडताना अनामत रक्कम परत मिळण्याशी या दहा मिनिटांचा थेट संबंध आहे. मग आधी अंथरूण घाला. रात्री दमून आल्यावर झोपायची जागा तयार असली की अर्धं परकेपण कमी होतं.

वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आपलं वेळापत्रक हातात घेऊन ते पायी चालून बघा. पहिल्या तासाची खोली कुठे, तिथून दुसऱ्या तासाच्या इमारतीपर्यंत किती मिनिटं लागतात, वाटेत पाणी कुठे मिळतं, दवाखाना कुठे आहे. दोन तासांमध्ये दहाच मिनिटं असतील आणि चालायला चौदा लागत असतील, तर ते त्याच दिवशी कळलेलं बरं.

परिचय सत्रांना जा, ती कंटाळवाणी वाटली तरी जा. तिथे जी माणसं बोलतात त्यांचे चेहरे आणि नावं लक्षात ठेवा: विभागाचं कार्यालय सांभाळणारी व्यक्ती, ग्रंथपाल, समुपदेशक, वसतिगृहाचे अधीक्षक. विभागाच्या कार्यालयातल्या माणसांना नियम आणि अपवाद तोंडपाठ असतात, आणि नीट विचारलं तर ती मनापासून मदत करतात.

ग्रंथालयात एक पूर्ण दुपार घालवा. जगातली बरीच ग्रंथालयं मेल्विल ड्यूई यांनी 1876 मध्ये मांडलेल्या दशांश वर्गीकरणाने पुस्तकं लावतात. 300 च्या घरात सामाजिक शास्त्रं, 500 मध्ये निसर्गविज्ञान, त्यात 510 ला गणित, 530 ला भौतिकशास्त्र, 540 ला रसायनशास्त्र, आणि 900 मध्ये इतिहास-भूगोल. याचा खरा फायदा पुस्तक सापडण्यापुरता नाही. प्राध्यापकांनी सांगितलेलं पुस्तक बाहेर गेलेलं असलं, तरी त्याच्या जागेच्या डाव्या-उजव्या हाताला त्याच विषयावरची आणखी आठ-दहा पुस्तकं उभी असतात. त्यातलं एखादं तुम्हाला जास्त सोप्या भाषेत समजावून सांगेल. क्रमिक पुस्तक विकत घेण्याची घाई म्हणूनच करू नका.

15 रकान्यांचा तक्ता

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

प्रत्येक विषयाचे प्राध्यापक सुरुवातीला विषयाची रूपरेषा देतात. आठवडावार घटक, वाचनाची यादी, चाचण्या, सादरीकरणं, प्रत्येकाला किती गुण. विद्यार्थी ती एकदा चाळतात आणि विसरतात. तसं करू नका. सगळ्या विषयांच्या रूपरेषा समोर घ्या आणि एक मोठा कागद आडवा धरा. सत्र 15 आठवड्यांचं असेल तर 15 उभे रकाने आखा, प्रत्येक विषयाला एक आडवी ओळ द्या. पेन्सिलने प्रत्येक चाचणी, निबंध आणि प्रयोगवही त्या त्या चौकोनात लिहा, शेजारी त्याचे गुण लिहा.

मागे एका विद्यार्थिनीबरोबर बसून मी असा तक्ता भरला. पहिले पाच रकाने जवळजवळ कोरे राहिले. सातव्या रकान्यात मात्र तीन गोष्टी एकमेकींवर चढल्या: गणिताची चाचणी, प्रयोगवही आणि 2000 शब्दांचा निबंध. ती थोडा वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिली. मग निबंधापासून डावीकडे बाण काढत गेली. सहाव्या आठवड्यात मसुदा, पाचव्यात वाचन, चौथ्यात विषय ठरवून प्राध्यापकांना दाखवायचा. रिकामे वाटणारे आठवडे असे भरत गेले. ‘म्हणजे मला सोमवारीच सुरुवात करायला हवी,’ ती म्हणाली. तो दुसरा आठवडा होता.

किती वेळ द्यायचा याचा अंदाज श्रेयांकांवरून, म्हणजे क्रेडिटवरून बांधता येतो. युरोपात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम. म्हणजे 5 क्रेडिटच्या विषयाला 125 ते 150 तास. त्यातले वर्गात जाणारे तास बाजूला काढलेत तर लक्षात येतं की मोठा वाटा वर्गाबाहेरच्या कामाचा आहे. तुमच्या विद्यापीठाची मोजणी वेगळी असेल, ती विभागात विचारून घ्या. आठवड्याच्या वेळापत्रकात दिसणारे मोकळे तास मोकळे नसतात, एवढं यातून पक्कं ध्यानात घ्या.

आता या तक्त्यावर खूण करा ती चौथ्या आठवड्याच्या शेवटी. त्या दिवशी प्रत्येक विषयाला स्वतःला विचारा: आजवर काय शिकवलं हे मी पुस्तक मिटून पाच मिनिटं सांगू शकते का, सांगू शकतो का? ज्या विषयात उत्तर ‘नाही’ येईल, त्याच्या प्राध्यापकांना त्याच आठवड्यात भेटा.

वर्गात आणि वर्गानंतर

व्याख्यान शब्दशः उतरवून घेणं ही शाळेतली सवय. इथे ती टिकत नाही, कारण प्राध्यापक लिहून देण्यासाठी बोलत नाहीत. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली टिपणाची पद्धत मला आजही सगळ्यांत उपयोगी वाटते. पानाच्या डाव्या बाजूला सुमारे सहा सेंटिमीटरचा रकाना मोकळा सोडायचा, खाली चार-पाच ओळींची पट्टी सोडायची, आणि व्याख्यान चालू असताना फक्त उजव्या मोठ्या भागात लिहायचं. त्याच दिवशी संध्याकाळी डाव्या रकान्यात प्रश्न लिहायचे. उजवीकडे ‘किंमत वाढली की मागणी घटते, काही अपवाद’ असं टिपलेलं असेल, तर डावीकडे लिहा: ‘किंमत वाढूनही मागणी वाढते, ती कोणत्या वस्तूंची आणि का?’ खालच्या पट्टीत पूर्ण पानाचा सारांश स्वतःच्या शब्दांत. सारांश लिहिता येत नसेल तर तो भाग समजलेला नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

‘त्याच दिवशी’ असं म्हणण्याला कारण आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाऊस यांनी अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 मध्ये निष्कर्ष मांडले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार मोठा असतो, पुढे तो मंदावतो. अर्थ असलेला मजकूर त्याहून बरा टिकतो, पण वळण तेच. पहिल्या दिवशीची वीस मिनिटं परीक्षेआधीच्या दोन तासांचं काम करतात, असा माझा अनुभव आहे.

आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग मी दरवर्षी पहिल्या बैठकीत सांगते. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गोम इथेच आहे. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ‘येतंय’ असा भास होतो. म्हणून उजवी बाजू हाताने झाका, डावीकडचा प्रश्न वाचा आणि उत्तर मोठ्याने सांगा. खोलीत कुणी झोपलेलं असेल तर कच्च्या कागदावर लिहा.

बसल्यावर मन लागत नसेल तर 25 मिनिटं काम आणि 5 मिनिटं विश्रांती हा पोमोडोरो प्रकार करून बघा. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस स्वतः विद्यापीठात शिकत असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून तो सुरू केला. फोन मात्र दुसऱ्या खोलीत किंवा निदान दप्तराच्या तळाशी हवा.

प्राध्यापकांना विचारणं

पहिल्या वर्षी संख्याशास्त्राच्या वर्गात ‘डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणजे नेमकं काय, हे विचारायला मी सात आठवडे लावले. सगळ्यांना कळलंय आणि मला एकटीलाच नाही, असं वाटत होतं. त्या कल्पनेवर उभं राहिलेलं पुढचं सगळं कच्चं राहिलं. शेवटी हात वर केला तेव्हा माझ्या रांगेतल्या तिघींनी घाईघाईने वह्या उघडल्या आणि उत्तर लिहून घेतलं. त्या तिघींचे झुकलेले माथे मला अजून आठवतात.

वर्गात बोलणं जड जात असेल तर भेटीची वेळ असते. प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात आणि कित्येकदा त्या वेळी कुणी येतच नाही. जाताना ‘मला काहीच कळत नाही’ असं घेऊन जाऊ नका. कुठपर्यंत कळलं आणि कुठे अडलं ते कागदावर लिहून न्या. ईमेल करायचा तर असा:

*विषय: अर्थशास्त्र परिचय, निबंधाबद्दल एक शंका*

*नमस्कार सर,*
*मी पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्र परिचय वर्गात, मंगळवारच्या तुकडीत आहे. निबंधासाठी मी तिसरा विषय निवडला आहे. त्यातला ‘अल्पकाळ’ म्हणजे एका वर्षाच्या आतला काळ, की उत्पादनाचा किमान एक घटक बदलता येत नाही एवढा काळ, हे मला सूचनापत्रातून कळलं नाही. मला दुसरा अर्थ बरोबर वाटतो. गुरुवारी आपल्या भेटीच्या वेळेत येऊन विचारलं तर चालेल का?*

खाली पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. एवढं पुरे. आधी सूचनापत्र वाचलेलं आहे, स्वतः विचार केलेला आहे, आणि नेमकं काय हवं ते सांगितलेलं आहे, हे तीन-चार ओळींत दिसतं. दोन-तीन कामाच्या दिवसांत उत्तर नाही आलं तर नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

विचारून घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे दुसऱ्याचं लेखन आणि एआय साधनं किती नि कशी वापरायची. वाङ्मयचौर्याचे नियम कडक असतात आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून शिक्षा टळत नाही. एआयबद्दलचा नियम एकाच विद्यापीठात विषयागणिक वेगळा असू शकतो, त्यामुळे लेखी उत्तर मिळवा आणि जपून ठेवा. वाचताना घेतलेल्या प्रत्येक टिपणाशेजारी पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. अजाणता झालेली बहुतेक चौर्यं, ‘हे वाक्य माझं की पुस्तकातलं’ हे महिन्याभराने न आठवल्यामुळे होतात. संदर्भ सांभाळायला झोटेरोसारखं मोफत साधन आहे, ते पहिल्या निबंधाआधी शिकून घ्या.

पैसे

सत्रासाठी हातात असलेल्या रकमेतून शुल्क आणि भाडं आधी बाजूला काढा. उरलेल्या रकमेला सत्राच्या आठवड्यांपेक्षा दोनने जास्त आकड्याने भागा. 15 आठवडे असतील तर 17 ने. आलेला आकडा हा आठवड्याचा खर्च, आणि उरलेले दोन वाटे अडीअडचणीसाठी. पहिल्या दोन आठवड्यांत खर्च जास्त होतोच, त्यामुळे घाबरू नका, पण लिहून ठेवा. चणचण भासू लागली तर विद्यार्थी कल्याण विभागात जा. मदतनिधी किंवा हप्त्यांची सोय बऱ्याच ठिकाणी असते, आणि ती मुदत उलटण्याआधी मागणाऱ्याला मिळते.

माणसं आणि एकटेपण

खोलीतल्या जोडीदाराशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच चार गोष्टी स्पष्ट बोला: दिवे किती वाजता बंद, पाहुणे कधी, साफसफाई कुणी कधी, कोणत्या वस्तू विचारल्याशिवाय वापरायच्या नाहीत. भांडण व्हायच्या आधी हे बोलणं सोपं असतं.

सुरुवातीचे दिवस नवलाईचे जातात आणि मग, साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला, मन एकदम खचतं. घर आठवतं, इथली माणसं परकी वाटतात, आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटत राहतं. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1960 मध्ये नव्या संस्कृतीत गेलेल्या माणसांबद्दल लिहिताना हाच क्रम सांगितला होता: आधी नवलाई, मग संकट, मग सावरणं, मग रुळणं. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. पण होत असेल तर तुमच्यात काही कमी आहे म्हणून नव्हे, हे समजून घ्या, आणि त्या आठवड्यांत परत जाण्याचा मोठा निर्णय घेऊ नका.

मैत्री ठरवून होत नाही, ती पुन्हा पुन्हा भेटण्यातून होते. म्हणून पहिल्या मेळाव्यात दहा विद्यार्थी मंडळांत नाव नोंदवण्यापेक्षा दोन निवडा आणि दर आठवड्याला न चुकता जा. घरी बोलण्याचा दिवस आणि वेळ ठरवून ठेवा. सतत फोन चालू राहिला तर माणूस इथलाही होत नाही आणि तिथलाही राहत नाही.

‘गंमत’ म्हणून कुणी अपमान करत असेल, नको ते करायला भाग पाडत असेल, तर तो छळ आहे. निरोप, फोटो, तारीख, वेळ जपून ठेवा आणि त्याच दिवशी अधीक्षकांकडे किंवा तक्रार समितीकडे जा. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर कुणाला तरी सोबत न्या.

झोपेबद्दल थोडक्यात: 18 ते 25 वयात 7 ते 9 तास झोप लागते. संध्याकाळी घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही शरीरात असतं. झोप, भूक किंवा उठण्याची इच्छा दोन आठवडे सलग हरवली असेल तर समुपदेशकाकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर दोन आठवडे तर सोडाच, तासभरही थांबू नका. जवळ जो कुणी असेल त्याला सांगा आणि तातडीच्या मदतीला फोन करा.

पहिला निकाल

पहिल्या चाचणीत शाळेतल्यापेक्षा कमी गुण पडणं अगदी नेहमीचं आहे. गुण बघून कागद दप्तरात कोंबू नका. उत्तरपत्रिका दाखवली जात असेल तर ती मागून घ्या आणि प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ पुरला नाही. या चारही कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिल्याला वाचन हवं, दुसऱ्याला उजवी बाजू झाकून केलेली उजळणी, तिसऱ्याला प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारण्याची सवय, चौथ्याला घड्याळ लावून सोडवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका. कोणतं कारण सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं गेलं ते मोजा.

मग विषय सोडण्याची शेवटची तारीख पुन्हा एकदा बघा. ती अजून पुढे असेल तर मार्गदर्शकाची वेळ घ्या. जाताना ती उत्तरपत्रिका आणि पेन्सिलने भरलेला तक्ता, दोन्ही सोबत न्या. म्हणजे बोलायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न पडत नाही.